तेल काढायचा ट्रे: सोलापुरात वर्षभर वापरल्यानंतर

जुळे सोलापुरातल्या आमच्या पोर्चमध्ये माझी वॅगनआर आणि वडिलांची स्प्लेंडर असते, सुट्टीला मेहुण्यांची मोठी डिझेल गाडीही येते. तिन्हींचं इंजिन ऑइल मी घरीच बदलतो. त्यासाठी घेतलेला आठ लिटरचा उघडा प्लॅस्टिक ट्रे आता वर्षभर वापरात आहे. शेजारच्या काकांकडे दहा लिटरचा बंद, चपट्या कॅनसारखा ट्रे आहे. आम्ही एकमेकांचे ट्रे बिनदिक्कत वापरतो, म्हणून दोन्हींबद्दल खात्रीने लिहितोय.

ट्रे घेताना सगळे किती लिटरचा ते बघतात. मी म्हणेन, आधी चोच बघा. तेल झेलायचं काम जुनं घमेलंही करतं. खरी कसोटी पुढे लागते. तीन लिटर काळं, कोमट तेल ऑइलच्या रिकाम्या कॅनच्या अरुंद तोंडात एक थेंबही बाहेर न जाता उतरवायचं असतं. घमेल्याच्या गोल काठावरून तेल पसरत येतं, नरसाळ्याच्या बाहेर जातं आणि फरशीवर सांडतं. आमच्याकडे फरशी शहाबादी आहे. तिच्यात तेल मुरलं की डाग कायमचा. लगेच लाकडाचा भुसा टाकला तर थोडंफार ओढलं जातं, पण काळसर छटा राहतेच.

माझ्या ट्रेची चोच लांब आणि निमुळती आहे, आणि तिच्या बरोबर समोर पकडायला जागा आहे. काठ आतल्या बाजूला वळवलेला आहे, त्यामुळे भरलेला ट्रे गाडीखालून ओढून काढताना तेल हिंदकळून बाहेर येत नाही. एक उणीव आहे. ओतून झाल्यावर शेवटची धार चोचीच्या खालून मागे ओघळते. त्यासाठी जुना सोलापुरी टॉवेल हाताशी ठेवतो. या टॉवेलसारखं तेल शोषणारं दुसरं फडकं मला मिळालेलं नाही.

आपल्या गावात आणखी एक गोष्ट मोलाची आहे, ती म्हणजे पाणी. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे बादलीभर पाणी आणि साबण घालवून ट्रे धुणं परवडत नाही, आणि ते तेलकट पाणी गटारात सोडणं तर चूकच. म्हणून आतून गुळगुळीत, कोपरे गोल असलेला ट्रे घ्यावा. माझा नुसता पुसला की स्वच्छ होतो. काही ट्रेंना तळाशी मजबुतीसाठी उभ्या-आडव्या पट्ट्या असतात. त्यांच्या खाचांत तेल साचून राहतं, ते पुसायला वैताग येतो.

आता आकार. तीन लिटर तेलाला आठ लिटरचा ट्रे जास्त वाटेल, पण छापलेला आकडा काठोकाठ भरल्यावरचा असतो. निम्म्यापर्यंत भरलेला ट्रेच हातात सुरक्षित उचलता येतो. म्हणजे गाडीत जेवढं तेल बसतं त्याच्या दुप्पट मापाचा घ्या. स्प्लेंडरमधून लिटरभरही निघत नाही. इनोव्हा क्रिस्टासारख्या डिझेल गाडीत मात्र सात लिटरच्या पुढे तेल असतं, तिथे माझा ट्रे अपुरा.

रुंदीही लिटरइतकीच महत्त्वाची. बऱ्याच गाड्यांत चेंबरचा नट (इंजिनाच्या तळाशी, तेल सोडायचा) सरळ खाली नसून बाजूला तोंड करून असतो. नट सुटला की पहिली धार तिरकी, लांब जाते, आणि तेल कमी होईल तशी मागे सरकत शेवटी सरळ खाली पडते. ट्रे अरुंद असेल तर झोपल्या-झोपल्या तो सरकवत बसावं लागतं. शेवटी धार दोऱ्याएवढी होते तेव्हा वारा तिला सहज उडवतो. मे महिन्यात दुपारी वावटळी सुटतात, तेव्हा हे काम काढूच नका. पहाटे करा. उन्हाळ्यात पहाटेही तेल पातळ असतं, इंजिन तापवायची गरज नसते. डिसेंबर-जानेवारीत मात्र चार-पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून मग काढतो. उकळतं तेल कधीच काढू नये. हात भाजतो, आणि पातळ प्लॅस्टिकचा तळ मऊ पडून उचलताना झोल खातो.

उंचीचं गणित टेप घेऊनच करा. छोट्या गाड्यांच्या पोटाखाली साधारण १६-१७ सेंटीमीटर जागा असते. काकांचा बंद कॅन जवळजवळ तेवढाच जाड आहे, त्यामुळे गाडी उचलल्याशिवाय तो आत जातच नाही. अर्थात नटापर्यंत पोचायला मी गाडी उचलतोच. मागच्या चाकांना दगड, आणि जॅक असला तरी भार जॅक स्टँडवर, म्हणजे गाडी तोलून धरणाऱ्या घोड्यांवर. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका, ही कळकळीची विनंती.

बंद कॅनमध्ये तेल आधी वरच्या खोलगट भागात पडतं आणि मधल्या छिद्रातून आत उतरतं. हवा जायचं छोटं झाकण उघडलं नाही तर ते गुळगुळ करत अडतं आणि वरून वाहू लागतं. थंडीत जाड झालेलं तेल तर फारच सावकाश उतरतं. छिद्रावरच्या जाळीत नट अडकतो, हे मात्र चांगलं. माझ्या ट्रेमध्ये तो तेलात बुडतो आणि चुंबकाने काढावा लागतो. काकांचा कॅन उभा करून ठेवल्यावर झाकणातून पाझरायचा. वायसर बदलल्यापासून थांबलाय.

उघड्या ट्रेकडे मी झुकतो त्याचं मोठं कारण म्हणजे तेल डोळ्यांना दिसतं. दुधाळ दिसलं तर त्यात कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) किंवा पाणी मिसळलंय. बोटावर चमकणारे कण दिसले तर आत धातू घासतोय, मेकॅनिकला दाखवा. (हातमोजे घालूनच. जळकं तेल कातडीला वारंवार लागणं चांगलं नाही.) नुसता काळेपणा, तोही डिझेलमध्ये, घाबरण्यासारखा नसतो. निघालेलं तेल जुन्या कॅनमध्ये ओतून त्याच्या खुणांवर मोजतो. भरलं होतं त्यापेक्षा बरंच कमी निघालं तर इंजिन तेल खातंय किंवा कुठून तरी गळतंय, हे कळतं. ट्रेवरच्या खुणांवर मात्र विसंबू नका. पोर्चच्या उतारावर त्या चुकीचं माप दाखवतात.

ते तेल पुढे कुठे जातं, याची काळजी प्रत्येकाने करावी असं मला मनापासून वाटतं. सेंट्रिंगवाले प्लेटांना लावायला मागतात, कुणी लाकडाला वाळवी लागू नये म्हणून नेतं. मी देत नाही. एका गाडीतून निघालेलं तेल दहा लाख गॅलन गोडं पाणी खराब करू शकतं, असं अमेरिकेची ईपीए ही सरकारी पर्यावरण संस्था सांगते, आणि आपल्याकडे अर्ध्या वस्तीचं पाणी बोअरचं आहे. आपल्या केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांतही वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. आमच्या रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये परवानाधारक तेल नेणारे येतात, त्यांच्या पिंपात माझाही कॅन रिकामा करतो.

ट्रेला तीनशेच्या आत खर्च आला, काकांच्या कॅनला त्याच्या दुपटीहून जास्त. दुकानात घेताना तांब्याभर पाणी मागून ट्रेमध्ये ओता आणि एखाद्या बाटलीत उतरवून बघा. पाणी तेलापेक्षा जास्त हिंदकळतं, तरी चोच बरी की वाईट ते लगेच कळतं. स्वतःचं पोर्च असेल तर उघडाच घ्या. फ्लॅटच्या पार्किंगमध्ये काम करून तेल जिन्याने किंवा स्कूटरवरून न्यावं लागत असेल, तर जास्त पैसे देऊन बंद कॅन घ्या, आणि त्याचं एक जादा वायसर त्याच दिवशी मागून ठेवा.