पीएमडीडी की पाळीआधी वाढणारं नैराश्य?

पीएमडीडी (प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर) म्हणजे दर पाळीआधी येणारा मनाचा तीव्र त्रास. तो असो की नैराश्य, दोन्हींत पाळीआधीचा आठवडा घराला जड जातो. जळगाव-धुळ्याकडे दोन्हींना एकच शेरा मिळतो, ‘तिचा स्वभावच तापट’. पण उपचार वेगळे आहेत.

पीएमडीडीत चिडचिड, रडू, निराशा पाळीच्या आठवडाभर आधी चढते आणि पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत ओसरते. नंतरचा आठवडा जवळजवळ स्वच्छ. नैराश्यात तो स्वच्छ आठवडा मिळत नाही. उदासी महिनाभर असते, पाळीआधी फक्त वाढते.

आठवणीवर निदान करू नका, ती फसवते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री चिडचिड, उदासी, झोपेचा त्रास, भांडण यांना १ ते ६ गुण द्या (जास्त त्रास, जास्त गुण), सलग दोन पाळ्या. कपाशीच्या वेचणीत दमून दोन-चार दिवसांची नोंद राहून जाते, तिथेच तक्ता बिघडतो. हार्मोनच्या तपासण्यांवर पैसे घालवू नका: पीएमडीडीत पातळी सहसा नॉर्मलच असते, मेंदू तिच्या चढउताराला जास्त संवेदनशील असतो.

सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर काम करणाऱ्या गोळ्या दोन्हींत चालतात. पीएमडीडीत डॉक्टर त्या फक्त पाळीआधीचे १४ दिवसही देतात, गुण लवकर दिसतो. नैराश्यात रोज घ्याव्या लागतात, गुण दिसायला ४ ते ६ आठवडे लागतात.

नवऱ्याने ‘पाळी आली वाटतं’ म्हणणं, हे तेलच ओतणं. माहेरी जाण्याचे, पैशांचे निर्णय त्या आठवड्यात नकोत. खरी तक्रार मात्र पाळीनंतर दोघांनी बसून बोलावी, ती आजारावर ढकलू नये. मरणाचे विचार आले तर तक्ता बाजूला ठेवून लगेच १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा.