बाजारातला कॉपी स्पीड सेन्सर, आठ महिन्यांनी: सेन्सर पास, रबरी रिंग नापास

जुनी ऑटोमॅटिक होंडा. स्पीडोमीटरचा काटा 40 वर थरथरतो, मधेच शून्यावर पडतो आणि तिसऱ्या गिअरमधून चौथ्यात जाताना गाडी घुटमळते. एवढ्यावरून वर्कशॉपने 'गिअरबॉक्स उघडावा लागेल' म्हणत जो आकडा सांगितला, त्यात दुसरी जुनी गाडी आली असती. सातशे रुपयांच्या स्पीड सेन्सरवर (गिअरबॉक्सवर बसतो, काट्याला आणि गिअर बदलणाऱ्या कॉम्प्युटरला वेग कळवतो) भागलं, तोही कंपनीचा नव्हे, कॉपी. पण पाच तारे देणार नाही, कारण खाली आहे.

आधी निदान, कारण सगळे इथेच पैसे घालवतात. काटा मेला पण गिअर बरोबर पडतात? मग बहुधा मीटरमधलं सोल्डर (डाग) सुटलंय. काटा ठणठणीत आणि झटके मात्र बसतात? गिअरबॉक्सचं ऑइल, सोलेनॉइड (गिअर बदलणारे विजेवरचे व्हॉल्व्ह) किंवा थ्रॉटल सेन्सर (अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला ते कळवणारा) बघा. दोन्ही एकदम बिघडलं तरच स्पीड सेन्सर, त्याची वायर किंवा अर्थिंग. नव्वदीतल्या होंडात दोन पिनांचा सर्व्हिस कनेक्टर शॉर्ट करून इग्निशन ऑन केलं की इंजिनचा दिवा कोड दाखवतो: एक लांब आणि सात छोट्या लुकलुकी म्हणजे 17, स्पीड सेन्सर.

तरीही सेन्सर मागवण्याआधी मल्टिमीटर लावा. मागच्या चाकांना दगड लावा, पुढची चाकं जॅकवर उचलून स्टँड लावा, इग्निशन ऑन, गिअर न्यूट्रल. सेन्सरच्या तीन पिनांपैकी एकीवर बॅटरीचा व्होल्टेज, एक अर्थिंगची. तिसरीच्या मागून प्रोब घाला, एक पुढचं चाक धरून दुसरं हळू फिरवा. शून्य ते पाच व्होल्ट अशी उडी पडायला हवी. सप्लाय आणि अर्थिंग ठीक असून उडी नसेल, तर सेन्सर गेला. जपानी मोजमापात किलोमीटरला सेन्सरच्या दांड्याचे 637 फेरे, फेऱ्याला चार पल्स (अशा उड्या), म्हणजे 2548. दोन किंवा आठ पल्सची कॉपी गळ्यात पडली तर काटा निम्मा किंवा दुप्पट दाखवेल आणि गिअरही भलत्याच वेगाला पडतील. घेताना विचारा.

बसवणं सोपं: 10 चा पाना, एक बोल्ट. पहिल्या तीन महिन्यांत तक्रार शून्य. मग सेन्सरच्या बुडाशी लालसर ओल. दोष ओ-रिंगचा, म्हणजे ऑइल अडवणाऱ्या रबरी रिंगचा! मूळची रिंग बारीक आणि घट्ट बसते, कॉपीबरोबरची साध्या नायट्राइल रबराची, गिअरबॉक्सच्या उष्णतेत कडक होते. ऑइल हळूहळू झिरपतं, पातळी खाली जाते आणि मग पुन्हा तेच घुटमळणं. माणूस बिचाऱ्या नव्या सेन्सरला शिव्या घालतो. सातशेच्या वस्तूत वीस रुपयांची रिंग वाचवणाऱ्याला काय म्हणावं?

वायटनची (उष्णता सोसणाऱ्या रबराची) रिंग, त्याच मापाची, ट्रान्समिशन ऑइल चोळून बसवली. पाच महिने कोरडं. तेव्हाच ऑइलही बदललं. ड्रेनमधून अडीच ते तीन लिटर निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो) राहतं, म्हणून थोडं चालवून पुन्हा एकदा. होंडाला झेड1 या जुन्या ऑइलच्या जागी कंपनीचंच डीडब्ल्यू-1. स्वस्त म्हणून दुसरं घालू नका. डिपस्टिक गरम गाडी सपाटीवर लावून, इंजिन बंद करून मिनिट-दीड मिनिटात बघायची.

एक मत मात्र बदलतो. आधी सगळं श्रेय सेन्सरला दिलं होतं. काटा त्याने सुधारला, पण चौथ्याचा उरलासुरला झटका ऑइल बदलल्यावरच गेला. साडेतीन तारे. दीड तारा रिंगचा कापला.