फोक्सवॅगन कॅलिफोर्निया : गाडी भारीच, पण किंमत कुठून कुठे गेली

आमच्या इकडच्या मराठी ग्रुपवर दर उन्हाळ्याच्या तोंडावर कोणीतरी विचारतंच की कॅम्पर व्हॅन (झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) घ्यावी का, आणि नव्वद टक्के वेळा विचारणाऱ्याच्या डोक्यात फोक्सवॅगनची कॅलिफोर्नियाच असते. जर्मनीत राहायला लागलं की हे वेड लागतंच. आम्ही नवीन मॉडेल, म्हणजे 2024 ला फोक्सवॅगनच्याच मल्टीव्हॅन या मोठ्या फॅमिली गाडीच्या बेसवर आलेलं, भाड्याने घेऊन आल्प्सच्या बाजूला फिरून आलो, त्यामुळे वापरून लिहितोय. पण नुसता गाडीचा रिव्ह्यू लिहून भागणार नाही, कारण या गाडीबद्दल खरं बोलायचं तर किमतीबद्दलच बोलायला लागतं.

आधी गाडी. चालवायला एकदम कारसारखी, अजिबात टेम्पो चालवल्यासारखं वाटत नाही. आधीच्या पिढीच्या, म्हणजे टी-6 कॅलिफोर्नियाचा बेस कमर्शियल गाडीचा होता, ही पॅसेंजर कारच्या प्लॅटफॉर्मवर आहे आणि वळणावळणाच्या घाटात तो फरक लगेच कळतो. उंची दोन मीटरच्या आत असल्यामुळे शहरातल्या पार्किंग हाउसमध्येही जाते, आणि ज्यांना रोज ऑफिसला आणि पोरांना शाळेत सोडायला हीच एक गाडी वापरायचीये त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे पहिल्यांदाच आलेत. मस्त सोय आहे, बाहेर उभं राहून फ्रीज उघडता येतो, हवा खेळती राहते.

पण त्या दुसऱ्या दरवाज्यापायी किचन आखूड झालं आणि दोन शेगड्यांची एकच शेगडी उरली. जर्मन माणूस सकाळी ब्रेड-चीज खाऊन निघतो त्यामुळे त्याला काही फरक पडत नसेल, पण आपल्याला एकीकडे चहा आणि एकीकडे पोहे लागतात ना! एका शेगडीवर चौघांचा नाश्ता म्हणजे पहिल्याचं खाऊन होतं तेव्हा शेवटच्याचा चहा उकळत असतो. 1988 च्या कॅलिफोर्नियात दोन शेगड्या होत्या, सिंक होतं, फ्रीज होता, वर उघडणारं छत होतं. म्हणजे छत्तीस वर्षांत कॅम्पिंगच्या सामानात भर पडायची तर एक शेगडी कमीच झाली. हे मला खरंच खटकलं.

आता किंमत. कॅलिफोर्निया हे नाव 1988 ला आलं, टी-3 वर, म्हणजे फोक्सवॅगन व्हॅनच्या तिसऱ्या पिढीवर, वेस्टफालिया कंपनीने आतलं फर्निचर बसवून दिलेलं. त्याआधी वेस्टफालियाची जोकर नावाची कॅम्पर होती, ती लोकांना महाग पडायची, म्हणून मुद्दाम मोजके ऑप्शन ठेवून ही स्वस्तातली आवृत्ती काढली आणि किंमत ठेवली 39,900 मार्क (युरोच्या आधीचं जर्मन चलन). चाळीस हजारांच्या आत. युरो आल्यावर जो अधिकृत दर ठरला त्याने ते सुमारे 20,400 युरो होतात.

नुसता आकडा बघून उपयोग नाही, तेव्हाचा पगारही बघायला पाहिजे. जर्मन पेन्शन विमावाले दर वर्षीचा सरासरी पगार जाहीर करतात, 1988 चा तो सुमारे 39 हजार मार्क होता. म्हणजे एका साध्या नोकरदाराचा कर कापायच्या आधीचा वर्षाचा पगार आणि नवीकोरी कॅम्पर व्हॅन, जवळजवळ सारखंच! मास्तर, नर्स, कारखान्यातला फोरमन असा कोणीही थोडं कर्ज काढून घेऊ शकत होता, आणि घेतलीही लोकांनी.

आज तोच सरासरी पगार 50 हजार युरोंच्या आसपास आहे. आणि कॅलिफोर्निया? सगळ्यात साधं बीच व्हेरिएंट, ज्यात पक्कं किचन नाही, तेच 60 हजार युरोंच्या वर सुरू होतं. किचनवालं ओशन 80 हजारांच्या पुढे जातं आणि वर चांदवा, चांगले हेडलाइट, हायब्रिड इंजिन असं काय काय टिक करत गेलं की आकडा बघवत नाही. 1988 च्या गाडीत किचन होतं, त्यामुळे तुलना किचनवाल्याशीच करायला हवी, आणि ती केली की वर्षाच्या पगाराऐवजी दीड वर्षापेक्षा जास्त पगार लागतो. दुसऱ्या बाजूने बघा, इथली महागाई या काळात ढोबळमानाने दुप्पट झाली, तेव्हा जी वस्तू शंभरला मिळायची ती आता दोनशेच्या आसपास. त्या हिशोबाने ही गाडी चाळीस-पंचेचाळीस हजार युरोंना मिळायला पाहिजे होती.

मग हे वरचे पैसे गेले कुठे? काही कारणं पटण्यासारखी आहेत. टी-3 मध्ये टर्बो डिझेल घेतलं तर 70 पीएस (म्हणजे जवळपास तितकीच हॉर्सपॉवर) मिळायचे, चढावर मागे ट्रकची रांग लागायची. आज सगळ्यात छोटं डिझेलसुद्धा 150 पीएसचं आहे, गिअर ऑटोमॅटिक, एअरबॅग, एबीएस, ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा), धुरावर प्रक्रिया करणारी अख्खी यंत्रणा. ह्यातलं काहीही काढून टाका असं मी म्हणणार नाही, पोरं मागे बसलेली असतात. करही वाढलाय, तेव्हा विक्रीकर 14 टक्के होता आता 19 आहे, पण 80 हजारांच्या गाडीत त्या फरकाचे तीन-साडेतीन हजारच होतात, त्यामुळे सगळं खापर सरकारवर फोडता येत नाही.

मला वाटतं खरं कारण मागणी आहे. 2019 ला जर्मनीत नव्या मोटरहोमची नोंदणी 54 हजारांच्या आसपास होती, कोविडच्या 2020 मध्ये ती 78 हजारांच्या वर गेली आणि 2021 ला 81 हजारांच्याही वर. विमानं बंद, हॉटेलं बंद, मग सगळे व्हॅनच्या मागे. वेटिंग वाढलं आणि एकदा चढलेला भाव खाली कशाला येतोय. त्यात कॅलिफोर्नियाला जुनी झाली तरी चांगला भाव मिळतो, त्यामुळे लोक म्हणतात की विकताना वसूल होतं, आणि त्याच भरवशावर कंपनी अजून वर नेते. चांगली ठेवलेली 1988-90 ची टी-3 आज 20 हजार युरोंच्या वर सहज जाते, म्हणजे नवी घेतली होती त्यापेक्षा जास्त! (अर्थात महागाई धरली तर तो नफा नाही, हे विसरू नका.)

मला वाईट ह्याचं वाटतं की ही कल्पनाच मुळात साध्या माणसासाठी होती. फोक्सवॅगनची पहिली व्हॅन 1950 ला आली आणि 1951 लाच वेस्टफालियाने तिच्यासाठी कॅम्पिंग बॉक्स काढला, म्हणजे गाडीत ठेवायचं फर्निचर. आठवडाभर त्याच गाडीतून धंद्याचा माल न्यायचा आणि शनिवारी बॉक्स आत ठेवून बायकापोरांना घेऊन निघायचं. वेगळी गाडी घ्यायची गरजच नाही. मला ही युक्ती आजही सगळ्यात हुशार वाटते, आणि 80 हजारवाली गाडी दारात उभी ठेवून वर्षातले तीन आठवडे वापरण्यापेक्षा तर नक्कीच.

म्हणून ग्रुपवर जे विचारतात त्यांना माझं स्पष्ट मत. रोजची गाडी आणि कॅम्पर दोन्ही एकच हवी असेल, पार्किंग शहरात असेल आणि पैशाची चिंता नसेल तर कॅलिफोर्नियाइतकी नीट जुळलेली गाडी दुसरी मला दिसली नाही, घ्या. फक्त फिरण्यासाठीच हवी असेल तर फियाट ड्युकाटोवर बांधलेल्या व्हॅन बघा, कमी पैशात टॉयलेट-बाथरूमसकट मिळतात, फक्त उंच असल्यामुळे पार्किंग हाउसमध्ये जात नाहीत. बजेट अगदीच कमी असेल तर डासिया जॉगर ही स्वस्तातली फॅमिली कार आणि तिचा झोपायचा पॅक, दोन माणसांना पुरतो. आणि वर्षात दोन-तीन आठवड्यांच्या वर जाणं होणार नसेल तर सरळ भाड्याने घ्या, सिझनमध्ये दिवसाला दीडशे युरो किंवा जास्त लागतात, ते जड वाटतात, पण विमा, सर्व्हिसिंग, टायर आणि घसारा धरून कागदावर मांडून बघा मग ठरवा.

गाडीला पाचपैकी साडेचार, किमतीला दोन. आणि भाड्याने घ्याल तेव्हा एक छोटी गॅसची शेगडी वेगळी बरोबर ठेवा, बाहेर टेबलावर लावायला, आमचा नाश्ता दुसऱ्या दिवसापासून तिच्यामुळेच वेळेवर झाला.