ओपनटीटीडी का सिमुट्रान्स? कुर्डुवाडीला गाडी बदलणाऱ्यांसाठी

रेल्वे-बसचं जाळं उभारायचे गेम खेळणारे आमच्या सोलापुरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील, पण जे आहेत ते पक्के आहेत, आणि नवीन कुणी आला की पहिला प्रश्न हाच, ओपनटीटीडी टाकू का सिमुट्रान्स? दोन्ही फुकट आहेत, दोन्ही जुन्या लॅपटॉपवर भर मे महिन्यातसुद्धा निवांत चालतात, त्यामुळे टाकायला दोन्ही टाका की, पण जीव शेवटी एकातच अडकतो. मी दोन्ही भरपूर खेळलोय, त्यावरून माझ्यापुरतं सांगतो.

ओपनटीटीडीचं घराणं मोठं. ख्रिस सॉयरचा १९९४ चा ट्रान्सपोर्ट टायकून, मग पुढच्या वर्षी त्याची डिलक्स आवृत्ती, आणि तिच्यावरून २००४ मध्ये लुडविग स्ट्रिगेउसने हा खुला गेम उभा केला. २०१० च्या १.० आवृत्तीपासून मूळ गेमच्या फायलीपण लागत नाहीत. सिमुट्रान्स हान्सयॉर्ग माल्थानरने १९९७ मध्ये पहिल्यापासून स्वतः लिहायला घेतला, आता बाकीचे लोक सांभाळतात. त्याचं नाव ऐकलेलेच कमी भेटतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सिग्नलच्या बाबतीत ओपनटीटीडीला तोड नाही. पाथ सिग्नल (गाडीला पुढची वाट आधीच राखून देणारे) लावून मोठं जंक्शन एकदा नीट बसलं की गाड्या एकमेकींना वाट देत अशा सरकतात की बघतच बसावं. रूळ टाकणं पण पटकन हाताला बसतं, चार-पाच जणांनी मिळून ऑनलाइन खेळायला तर तोच बरा. सिमुट्रान्समध्ये खिडकीवर खिडकी उघडते, बटणं बारीक, शिवाय सुरुवातीलाच कुठला पाकसेट घेऊ हा घोळ, कारण पाकसेट बदलला की गाड्या, कारखाने, चित्रं, पैशाचा हिशोब सगळंच बदलतं आणि एकातला सेव्ह दुसऱ्यात चालेल याचा भरवसा नाही. इथवर वाचून कुणी ओपनटीटीडी घेतला तर मी अडवणार नाही.

पण माझं गाडं अडलं ते प्रवाशांवर. मी नकाशातल्या गावांना आपलीच नावं देतो, सोलापूर, कुर्डुवाडी, पंढरपूर, बार्शी. आता सोलापूरहून रेल्वेनं पंढरपूर म्हणजे बहुतेक वेळा कुर्डुवाडीला उतरून मिरजेच्या मार्गावरची गाडी धरायची, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. म्हणून ओपनटीटीडीत एक गाडी सोलापूर-कुर्डुवाडी सोडली, दुसरी कुर्डुवाडी-पंढरपूर. पहिली गाडी कुर्डुवाडीला लागली, माणसं उतरली, पैसे जमा झाले आणि माणसं गायब. पंढरपूरची गाडी शेजारच्या फलाटावर उभी आहे पण तिच्यात चढणार ते कुर्डुवाडी गावातलेच लोक, सोलापूरच्या माणसाला पुढं कुठं जायचंच नव्हतं. जितकं लांब आणि जितकं लवकर न्याल तितके पैसे, बास. गाव वाढायचं तर गेल्या ५० दिवसांत त्या गावातल्या किती स्टेशनांवर गाडीची चढउतार झाली एवढंच बघतात, तेही पाचपर्यंत, म्हणजे पाच स्टॉप करून एखादी बस फिरवत ठेवली तरी गाव फुगतं. हे एकदा कळल्यावर माझं मन काही लागेना.

यावर जाणकार म्हणतील कार्गोडिस्ट चालू कर की. बरोबर आहे, २०१४ च्या १.४ आवृत्तीपासून ती सोय आहे, सेटिंगमध्ये जाऊन आपण चालू करायची, मग माणसाला ठिकाण मिळतं आणि तो कुर्डुवाडीला गाडीपण बदलतो. मी त्यावर बरंच खेळलो आणि खरंच फरक पडतो. पण तिथं माणूस फक्त तिथंच जायला निघतो जिथं मी आधीच गाडी जोडलेली आहे. बार्शी जोडली नाही तर बार्शीला जायचंय असं कुणीच म्हणत नाही. मी काय बांधलं नाही ते मला कळणार कसं?

सिमुट्रान्समध्ये प्रवासी घरातून निघतानाच कुठं जायचं ते ठरवून निघतो, मग तिथं तुमची गाडी जात असो वा नसो. स्टॉपवर क्लिक केलं की किती खूश गेले, किती गर्दीनं वैतागले आणि किती जणांना मार्गच मिळाला नाही, असे तीन आकडे दिसतात. तो तिसरा आकडा मी सगळ्यात आधी बघतो. सोलापूरच्या स्टॉपवर तो फुगायला लागला की समजायचं, कुठलं तरी गाव जोडायचं राहिलंय. आणि कुर्डुवाडीला जागा कमी पडली की वाट बघणाऱ्यांच्या यादीत नावानिशी दिसतं, इतके पंढरपूरचे, इतके बार्शीचे, मग फलाट वाढव, स्टेशनची इमारत जोड, पंढरपूरची एक गाडी जास्त सोड. गाव वाढतं ते माणसं, टपाल, माल खरोखर किती पोचला यावर. मालाचंही तसंच, ओपनटीटीडीत कुठल्याही खाणीचा कोळसा कुठल्याही वीज केंद्राला चालतो म्हणून जवळचं केंद्र सोडून लांबच्याला न्यायचा मोह होतो, इथं कुठली खाण कुणाला माल देणार हे ठरलेलं असतं.

तुम्हाला सिग्नलची कोडी सोडवण्यातच मजा येत असेल तर तुमचं उत्तर वेगळं असू शकतं, आणि ते चूक नाही. पण ज्याला लोक कुठं चाललेत यात रस आहे त्यानं सिमुट्रान्सला थोडा वेळ द्यावा असं मला वाटतं. पहिल्यांदा पाक ६४ हा पाकसेट घ्या, त्यात सगळ्यात कमी गोंधळ होतो, आणि नवा नकाशा सुरू करताना फ्रीप्ले (पैसे संपले तरी खेळ चालूच राहतो ती सोय) चालू ठेवा, नाहीतर पहिल्या बसगाड्यांतच दिवाळं निघतं आणि लोक तिथंच सोडून देतात. गावं सुरुवातीला चार-पाचच ठेवा, पण एखादं मुद्दाम न जोडता राहू द्या आणि तो तिसरा आकडा काय करतो ते बघा.