फुटलेला बीटा की अधिकृत बीटा?

बीटा म्हणजे पूर्ण तयार होण्याआधीची चाचणी आवृत्ती; ती कंपनीने जाहीर करण्याआधीच बाहेर पडली, तर ती फुटलेली. अशा फुटलेल्या बीटा ब्राउझरचा फायदा एकच: नवं काही चार दिवस आधी दिसतं. पण ती आवृत्ती बहुतेकदा फुटली तिथेच थांबते. अपडेट नाही, म्हणजे सुरक्षेतली भोकं तशीच. विंडोजवर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ (फाइल कोणी बनवली हे सांगणारी सही) टॅबच नसेल, तर इन्स्टॉल करू नका. एसएचए-२५६ (फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा, फाइलच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) जुळला तरी निर्धास्त होऊ नका, कारण ताडून बघायचा आकडा बहुतेकदा फाइल देणाऱ्यानेच दिलेला असतो. बघायचीच असेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत चालणारा वेगळा, आभासी संगणक), स्नॅपशॉट घेऊन, म्हणजे मागे परतता येईल अशी त्याची स्थिती जपून. खरा पासवर्ड तिथे एकही टाकायचा नाही.

क्रोम किंवा फायरफॉक्सचा अधिकृत बीटा सहीनिशी येतो आणि आपोआप अपडेट होतो. क्रोम कॅनरी, म्हणजे क्रोमची बीटाहूनही आधीची चाचणी आवृत्ती, तर नेहमीच्या क्रोमशेजारी वेगळी बसते. आमचा कौल निःसंशय इकडेच.

खरी गोची प्रोफाइलची (ब्राउझर तुमचे बुकमार्क, इतिहास, पासवर्ड ठेवतो ते फोल्डर), आणि ती दोन्हीकडे आहे. नवी आवृत्ती बुकमार्क-इतिहासाचा डेटाबेस बदलू शकते; मग जुनी आवृत्ती तो उघडताना अडखळते. फायरफॉक्स ६७पासून (२०१९) अशा वेळी सरळ नवी प्रोफाइल करायला सांगतो. तेव्हा ब्राउझर पूर्ण बंद करून प्रोफाइल फोल्डरची प्रत आधीच बाजूला काढा, आणि बीटासाठी वेगळी प्रोफाइल वापरा.