ड्रॉअबॉक्स कोर्स आणि आमचा रविवारचा कट्टा : २५० पेट्या काढून झाल्यावर लिहितेय

गेल्या चतुर्थीला घरच्या माटोळीचं (आमच्याकडे गोव्यात गणपतीच्या वर फळं टांगून सजवतात ती) चित्र काढायला बसले होते. नारळ, तोरिंजन, सुपारीचे घोस सगळं वर टांगलेलं आणि मी खाली पाटावर वही घेऊन. दोन तास बसून काढलं आणि घरात दाखवलं तर सगळे म्हणाले, बरें आसा गो. पण मला दिसत होतं ना, नारळ एकही गोल वाटत नव्हता, सगळे कागदावर चिकटवल्यासारखे. काय चुकलंय ते मात्र कुणालाच सांगता येईना, मलाही नाही. त्याआधी एका क्लासला पण जाऊन आले होते, तिथे फोटो द्यायचे आणि बघून काढा म्हणायचे, चार महिने फी भरली आणि हात होता तिथेच राहिला.

मग म्हापशाच्या एका मैत्रिणीने ड्रॉअबॉक्स सांगितलं. इर्शाद करीम नावाच्या माणसाने बनवलेला ऑनलाइन कोर्स आहे, धडे आणि व्हिडिओ फुकट आहेत. सगळं इंग्रजीत आहे आणि वाचायला बरंच आहे, पण घाईघाईने वाचू नका, दोनदा वाचा, एकेका वाक्यात कामाच्या गोष्टी आहेत. सामान म्हणजे ०.५ मिमीचं फाइनलायनर, म्हणजे बारीक टोकाचं शाईचं पेन, आणि साधा प्रिंटरचा कागद. पेन्सिल, खोडरबर नाही. सुरुवातीला भीती वाटली, पण खोडता येत नाही म्हटल्यावर माणूस रेघ मारायच्या आधी विचार करायला लागतो.

पहिल्या धड्यात नुसत्या रेघा. पट्टीने एक रेघ मारायची आणि तिच्यावरून हाताने आठ वेळा परत मारायची. मग दोन ठिपके काढायचे, पेन टेकवायच्या आधी हवेतच हात दोन-चार वेळा फिरवून बघायचा आणि मग न थांबता एका दमात ओढायची, आणि हे मनगटातून नाही तर खांद्यातून. माझी रेघ थरथरायची कारण मी मध्येच बघत बसायचे की बरोबर चाललीय का. हे नीट कळलं ते आईला अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढताना बघून. ती ठिपक्यावर चिमूट नेते, पुढचा ठिपका बघते आणि हात सोडते, मध्ये थांबतच नाही. रेघ ठिपक्याच्या जराशी पुढे गेली तरी तिला काही वाटत नाही, कारण रेघ सरळ आणि जिवंत असते. कोर्स पण हेच सांगतो की आधी रेघ न अडखळता येऊ दे, अचूकपणा मागून येईल. आईला हे चाळीस वर्षं माहीत होतं आणि मी पेन घेऊन शिकत होते.

पहिला धडा संपला की २५० पेट्यांचं चॅलेंज. पेटी काढायची, पान भरलं की दुसऱ्या रंगाच्या पेनाने प्रत्येक रेघ मागे वाढवायची आणि बघायचं की एकाच दिशेने जाणाऱ्या चार रेघा पुढे जाऊन एकमेकींच्या जवळ येतात का. येत नसतील तर ती पेटी दुरुस्त करायची नाही, चूक लक्षात ठेवून पुढच्या पानावर जायचं. कदंबच्या स्टँडवर उभी असलेली बस पण शेवटी पेटीच आहे, तिच्या छताची आणि चाकांजवळची रेघ लांब जाऊन कुठे भेटेल हे आता मला उभ्या उभ्या दिसतं, आधी अजिबात दिसत नव्हतं.

पण एकटीने केलं असतं तर माझं सगळं वाया गेलं असतं हे मनापासून सांगते. आम्ही चौघं दर रविवारी सकाळी कांपालच्या बागेत भेटतो आणि आठवड्याची पानं एकमेकांना देतो. माझ्या साठ पेट्या झाल्या होत्या आणि मी खूश होते, मैत्रिणीने पान हातात घेतलं आणि म्हणाली, "अगो, तू लाल रेघा उलट्या बाजूला वाढवल्यास, आपल्याकडे आल्यात त्या, मागे जायला हव्यात." साठच्या साठ! मला रडू आलं तिथे. मग दुसरे आहेत ते डिचोलीचे काका, आयुष्यभर सुतारकाम केलेले. त्यांना व्हॅनिशिंग पॉइंट (रेघा लांब जाऊन भेटतात तो बिंदू) वगैरे शब्द नवीन, पण त्यांनी एका पेटीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बाय, ह्या पेटीचं झाकण बसायचं नाही." बरोबर तिथेच मागचा कोपरा बिघडला होता. त्या दिवसापासून मी प्रत्येक पेटीला तोच प्रश्न विचारते, झाकण बसेल का.

दुसऱ्याची पानं तपासताना तर मी अजून जास्त शिकले. आपल्या पेटीची माया असते, दुसऱ्याच्या पेटीत चूक लगेच दिसते आणि मग घरी आल्यावर तीच चूक आपल्या वहीत सापडते. आम्ही नियम केलाय की नुसतं छान म्हणायचं नाही, बोट ठेवून कुठे ते सांगायचं, आणि पान देणाऱ्याने पण आधी सांगायचं की मला नक्की काय बघून हवंय. कोर्सवाल्यांकडून तपासून घ्यायचं असेल तर त्याचे पैसे आहेत, पण इतर शिकणारे फुकटात मत देतात, आणि माझं काम तर आमच्या चौघांत भागलं.

एक चूक माझी झाली ती तुम्ही करू नका. कोर्समध्ये ५० टक्क्यांचा नियम आहे, निम्मा वेळ व्यायाम आणि निम्मा वेळ मनाला येईल ते काढायचं. मी दोन महिने फक्त पेट्या काढत बसले आणि वही उघडायचा कंटाळा यायला लागला. मग रायबंदर-चोडण फेरीबोटीत उभ्या उभ्या माणसं, स्कूटर, मासळीच्या टोपल्या काढायला लागले, वाईट येतात पण काढते, आणि परत गोडी लागली. अजून एक, पावसात आपल्याकडे कागद मऊ पडतो, रेघ फुटते आणि पेन बिघडलंय असं वाटतं. कागद पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

कोणासाठी आहे म्हणाल तर ज्यांना बघून कॉपी नको, डोक्यातून वस्तू उभी करायचीय त्यांच्यासाठी. रंगकाम शिकायचं असेल तर हा तो कोर्स नाही, पुढच्या धड्यांत झाडं, कीटक, प्राणी, रोजच्या वस्तू आणि गाड्या आहेत. मी आता दुसऱ्या धड्यात आहे, गोलसर आकारांवर वळसे घालणाऱ्या रेघा काढायच्या असतात. परवा घरातला सोललेला नारळ समोर ठेवून कागदावर काढला, चित्रावर तशाच रेघा घातल्या आणि रविवारी ते पान काकांना दिलं. त्यांनी पान लांब धरलं, जवळ धरलं आणि विचारलं, शेंडी मागच्या बाजूला आहे ना ह्याची? शेंडी मी काढलेलीच नव्हती.