फाइलपाँड : आठ महिने वापरल्यानंतर

एका संस्थेला शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज करून दिला. नाव, पत्ता, बँक खातं आणि सोबत गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड. "ते फाइल ओढून टाकतात ना, तसं करा," एवढीच फर्माईश. ओढून टाकायची सोय तासाभरात होते. खरी कटकट पुढे : सबमिट दाबल्यावर फायली आणि बाकीची माहिती एकाच अर्जाची म्हणून पोचली पाहिजे.

फाइलपाँड ही वेबपानावर फाइल ओढून टाकायची चौकट देणारी, फुकट मिळणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच. सुरुवातीला तिची नेहमीची पद्धत ठेवली. फाइल टाकली की लगेच सर्व्हरवर जाते, सर्व्हर एक आयडी परत देतो, तो फॉर्मच्या लपलेल्या रकान्यात बसतो आणि सबमिटबरोबर फक्त आयडी जातो. दिसायला झकास. पण लोक रेशनकार्ड टाकतात आणि अर्ज अर्धवट सोडून जातात. दोन महिन्यांनी तात्पुरता फोल्डर उघडला, तर अर्जच न केलेल्यांची कागदपत्रं पडलेली! चूक माझीच, जुन्या फायली पुसणारा क्रॉन (सर्व्हरवर ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावलाच नव्हता.

मग 'स्टोअरअ‍ॅजफाइल' हा तिचाच पर्याय चालू केला. आता फायली फॉर्मच्या साध्या फाइल-रकान्यातच (इनपुटमध्ये) राहतात आणि सबमिट होताना फॉर्मबरोबर एका दमात जातात. सर्व्हरचा कोड निम्मा झाला. पीएचपीत (सर्व्हरचा कोड याच भाषेत आहे) रकान्याच्या नावापुढे चौकटी कंस [] द्यायला मात्र विसरू नका, नाहीतर शेवटची एकच फाइल हाती लागते.

एका दमात जाण्याची किंमतही आहे. पीएचपीत एका फाइलला मूळ मर्यादा २ एमबी, सगळ्या फॉर्मला ८ एमबी. ८ च्या वर गेलं की फायलीच काय, अर्जदाराचं नावसुद्धा रिकामं येतं. मला वाटलं, कोणी चेष्टेने कोरे अर्ज भरतंय. मर्यादा वाढवल्या आणि एकूण आकार ब्राउझरमध्येच तपासणारं प्लगइन लावलं. शिवाय पिनकोड चुकला म्हणून सर्व्हरने फॉर्म परत पाठवला, तर फायली पुन्हा निवडाव्या लागतात. ब्राउझर त्या परत भरू देत नाही. म्हणून बाकीची तपासणीही सबमिटआधीच.

संस्थेतले क्लार्क काका चौकटीच्या जरा बाहेर फाइल सोडायचे. ब्राउझर पीडीएफ उघडून दाखवायचा आणि काका म्हणायचे, "गेली बघा!" 'ड्रॉपऑनपेज', म्हणजे पानावर कुठेही सोडलेली फाइल पकडणारा पर्याय, चालू केल्यावर ते थांबलं.

बहुतेक अर्ज मोबाइलवरून येतात. तिथे कोण काय ओढणार? चौकटीवरची इंग्रजी ओळ काढून 'फाइल निवडायला इथे बोट टेकवा' लिहिलं. त्यानंतर विचारणारे फोन कमी झाले.

पुढच्या अर्जालाही हेच लावणार आहे. कोणी व्हिडिओ मागितले, तर परत आयडीवाली पद्धत. क्रॉन आधी लावून.